वडिलार्जित स्वातंत्र्य

दिवाळीच्या फराळाबरोबर एडमंड बर्क वाढणे हा काहींना अरसिकपणा वाटेल. पण घर झाडूनपुसून काढण्याच्या दिवसांत जुने काय ठेवावे आणि काय टाकावे, यावरून घरोघरी वाद होतातच. बर्कचा १७९० सालचा फ्रेंच राज्यक्रांतीवरील ग्रंथ मुळात याच वादाचा आहे. कॉलेजात असताना मी तो रागारागाने वाचला आणि प्रतिगामी म्हणून बाजूला सारला. यंदा पुन्हा हाती घेतला, तेव्हा राग पुष्कळसा ओसरला. सगळा मात्र नाही.

बर्कचे म्हणणे असे : इंग्रजांनी आपले हक्क हवेतून मागितले नाहीत. १२१५ ची सनद, १६२८ चा हक्कांचा अर्ज, १६८९ चा हक्कांचा कायदा; प्रत्येक वेळी 'हे आमच्या वाडवडिलांचेच आहे' असे म्हणून त्यांनी राजाचा हात धरला. स्वातंत्र्य ही वडिलार्जित मिळकत. ती भोगावी, तिची डागडुजी करावी आणि पुढच्या पिढीच्या स्वाधीन करावी. मोडून टाकण्याचा अधिकार कोणत्याही एका पिढीला नाही. सुधारणेला त्याचा विरोध नव्हता. जुने निर्बंध एकदम उखडले, की सत्तेला अडवणारे काहीच उरत नाही आणि अखेर एखादा लोकप्रिय सेनापती सर्वांचा धनी होतो, ही त्याची भीती होती. नेपोलियनने सत्ता बळकावली ती १७९९ मध्ये, बर्कच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी! ही दूरदृष्टी कोण नाकारील?

पण मिळकत वडिलार्जित म्हटली, की वारस कोण हा प्रश्न आलाच. ज्यांच्या वाडवडिलांच्या पदरी अपमानच पडला, त्यांनी कोणता दस्तऐवज दाखवावा? १९२७ साली बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध जुनी वहिवाटच पुढे करण्यात आली. ती वहिवाट सिद्ध होत नाही, असा मुंबई हायकोर्टाचा निकाल व्हायला १९३७ साल उजाडले. कायद्याचा जुना रिवाज अखेर उपयोगी पडला, हे बर्कच्या बाजूने म्हणता येईल. पण तहानलेल्याने दहा वर्षे थांबावे काय, याचे उत्तर त्याच्या ग्रंथात मला सापडले नाही.

ते सापडते बर्कच्याच दुसऱ्या कामगिरीत. वॉरन हेस्टिंग्जवरील खटला १७८८ ते १७९५ असा सात वर्षे चालला आणि त्यात बर्क पुढारी होता. हिंदुस्थानच्या रयतेला इंग्रजांची सनद काही वारशाने मिळालेली नव्हती. तरीही प्रदेश बदलला म्हणून न्याय बदलत नाही, असे तो हट्टाने सांगत राहिला. हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. पण माझ्या मते ग्रंथातल्या बर्कला खरे उत्तर या खटल्यातल्या बर्कनेच दिले आहे.

१९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने सतराव्या कलमात अस्पृश्यता नष्ट केली. ज्यांना वारसा नाकारला होता, त्यांना वारस केले. आता तीच आपली वडिलार्जित मिळकत झाली आहे. तिच्या भिंतींना हात लावताना बर्कची सावधगिरी जरूर बाळगावी. मात्र त्याआधी उंबऱ्याबाहेर कोणी उभे राहिलेले नाही ना, हे एकदा पाहून घ्यावे.