सगळे 'नाही' म्हणतात तेव्हा : मुनिरक्यातील भाड्याच्या खोल्या, प्रश्नावली आणि मुलाखत

संशोधनपद्धतीचा घटक शिकताना तुम्ही एक तक्ता वहीत उतरवला असेल. डावीकडे प्रश्नावली : कमी खर्च, मोठा नमुना, वस्तुनिष्ठ. उजवीकडे मुलाखत : सखोल, पण वेळखाऊ आणि व्यक्तिनिष्ठ. परीक्षेत या तक्त्याला गुण मिळतात. प्रत्यक्ष कामात मात्र तो दिशाभूल करतो, असे माझे मत आहे. दोन्ही साधनांत माणूस स्वतःविषयी बोलत असतो. या सामाईक मर्यादेला तक्त्यात रकानाच नाही.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. मानसशास्त्र तिथे ऐच्छिक विषय आहे. एका गटाने प्रकल्पासाठी दिल्लीतील मुनिरका निवडले. जेएनयूला लागून असलेले हे जुने गाव आता चार-पाच मजली इमारती आणि अरुंद गल्ल्यांनी भरलेले आहे. ईशान्य भारतातून आलेली मुले, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, नुकती नोकरी लागलेले असे कितीतरी जण इथे खोली घेतात. गटाने घरमालकांसाठी पाच-बिंदू मापनीची प्रश्नावली केली. त्यातले एक विधान असे : 'भाडेकरू निवडताना मी जात किंवा धर्म पाहत नाही.' जवळजवळ सगळ्यांनी 'पूर्ण सहमत'वर खूण केली. मुलांनी क्रोनबाख अल्फा काढला, तो उत्तम आला, आणि निष्कर्ष लिहिला : मुनिरक्यात भेदभाव नाही.

मला हे वाचून हसू आले नाही. एम.टेक.साठी दिल्लीत आलो तेव्हा मी आणि माझा एक मित्र याच गल्ल्यांतून खोली शोधत फिरलो होतो. प्रत्येक दारात पहिला प्रश्न : 'नाम?' आणि लगेच दुसरा : 'आगे क्या लगाते हो?' माझे आडनाव चालले. त्याचे ऐकल्यावर खोली 'कालच गेली' असायची. आम्हाला नाही म्हणणाऱ्या कोणीही 'आम्ही जात पाहतो' असे म्हटले नाही. प्रश्नावली दिली असती तर त्यांनीही 'पूर्ण सहमत'वरच खूण केली असती.

मुलांच्या अल्फामुळे एवढेच कळते की उत्तरे एकमेकांशी जुळतात. ही विश्वसनीयता झाली. जे मोजायचे होते तेच मोजले गेले का, हा सप्रमाणतेचा प्रश्न वेगळा आहे, आणि कोणतेही सॉफ्टवेअर तो सोडवून देत नाही. चांगले दिसण्याच्या ओढीने सगळेच सारखे उत्तर देत असतील, तर ती ओढच विश्वसनीयपणे मोजली जाते. पाठ्यपुस्तकात तिला सामाजिक इष्टता म्हणतात.

मग काय करायचे? सुखदेव थोरात हे अमरावती जिल्ह्यातले अर्थशास्त्रज्ञ. अध्यापन जेएनयूत, म्हणजे मुनिरक्याच्या शेजारीच. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दिल्ली, नोएडा, गुडगाव, गाझियाबाद आणि फरिदाबाद इथे घर शोधणारे पाठवून पाहिले : उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम, प्रत्येकी 493. घरमालकाला मत विचारलेच नाही, घर मागितले. 2015 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आलेल्या निष्कर्षांनुसार फोनवर उच्चवर्णीयांपैकी कोणालाही थेट नकार मिळाला नाही. दलितांपैकी सुमारे 18 टक्के आणि मुस्लिमांपैकी सुमारे 31 टक्के लोकांना मिळाला.

बोलणे आणि वागणे यांतली ही दरी मानसशास्त्राला नवी नाही. अमेरिकेत रिचर्ड लापिएर एका चिनी जोडप्याबरोबर फिरले. 251 ठिकाणांपैकी एकाच ठिकाणी त्यांना नाकारले गेले. नंतर पत्राने विचारले, तर उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी 'चिनी ग्राहक घेणार नाही' असे कळवले. हा अभ्यास 1934 चा. तिथे शब्द कठोर आणि वागणे मवाळ होते. आपल्याकडे उलट आहे. म्हणून 'लोक प्रश्नावलीत खोटे बोलतात' हे सोपे सूत्रही टाकून द्या. दरी कोणत्या बाजूला झुकेल हे आधी सांगता येत नाही.

पण थोरातांच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. फोन करून नकार मोजता येतो, त्याचे कारण कळत नाही. शिवाय पलीकडच्या माणसाला आपण अभ्यासाचा भाग आहोत हे माहीत नसते. संमतीविना केलेल्या या निरीक्षणाचे समर्थन तुम्हाला करता आले पाहिजे. मला ते इथे पटते, सर्वत्र पटेलच असे नाही.

कारण शोधायला मुलाखतच लागते. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या 25 मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ व्यवस्थापकांच्या मुलाखती घेतल्या (2007). आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, असे ते सांगत होते. त्याच दमात उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' विचारतो हेही सांगत होते, आणि त्यात त्यांना विसंगती वाटत नव्हती. माझ्या मते हा या मुलाखतींचा खरा ऐवज आहे. पाच-बिंदू मापनीत 'पार्श्वभूमी' हा शब्द आलाच नसता, कारण प्रश्न लिहिणाऱ्याला तो आधी सुचावा लागतो. व्यवस्थापक भेदभाव करतात की नाही याचा निवाडा मुलाखतीतून मागू नका; ते निवड कोणत्या शब्दांत समजावतात हे ऐका.

आमच्या गटाने मग प्रश्नावली बाजूला ठेवून अर्धसंरचित मुलाखती घेतल्या. मत विचारायचे नाही, घटना विचारायची असे ठरले. मागचा भाडेकरू कसा मिळाला? त्याच्या आधी कोण येऊन गेले? त्यांना काय सांगितलेत? उत्तरे लांबली. 'खानपान', 'फॅमिली टाइप', 'शेजाऱ्यांना चालत नाही' असे शब्द येऊ लागले. एक मालक मात्र बराच वेळ गप्प बसून म्हणाले, 'वो तो डीलर देखता है जी.' डीलर आमच्या नमुन्यातच नव्हता. त्याच्याकडे जायचे ठरेपर्यंत सत्र संपले होते. पुढच्या तुकडीच्या यादीत आता पहिले नाव डीलरचे आहे.