रोहिणीचे पाणी आणि दुधाने धुतलेले आसन

मानवजात टिकणार की परस्परांच्याच हातून नष्ट होणार, हा प्रश्न १९४५ च्या ऑगस्ट महिन्यात हिरोशिमा व नागासाकी बेचिराख झाल्यापासून तत्त्वज्ञांच्या बैठकीतून उठून सामान्य माणसाच्या दारात येऊन बसला आहे. आपल्या देशात तर या प्रश्नाशी तथागतांचे नाव अत्यंत विपरीत रीतीने जोडले गेले. १९७४ च्या मे महिन्यातील पहिल्या अणुस्फोटाला बुद्धाच्या हास्याची उपमा देण्यात आली आणि ११ मे १९९८ रोजी, नेमक्या वैशाख पौर्णिमेला, पोखरणच्या वाळवंटात पुन्हा स्फोट घडविण्यात आले. बौद्ध मनाला याचा संताप येणे स्वाभाविक आहे. परंतु संताप म्हणजे उत्तर नव्हे. 'जगाला युद्ध नको, बुद्ध हवा' ही घोषणा आपण प्रत्येक व्यासपीठावरून देतो. मात्र युद्धाविषयी आणि मानवाच्या विनाशाविषयी आपल्या ग्रंथांत नेमके काय सांगितले आहे, याची छाननी क्वचितच करतो. प्रस्तुत लेखात तशी छाननी करण्याचा अल्पसा प्रयत्न आहे.

त्याला निमित्त झाले ते भाईंदर पूर्वेकडील खारी येथील एका वर्षावासाचे. ग्रंथवाचनात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या महाग्रंथाचा पहिला खंड चालला होता. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेल्या कलहाचा भाग वाचून संपला आणि मागे बसलेल्या एका वृद्ध उपासिकेने विचारले, "गुरुजी, दोघांचा तह झाला ना? मग ते शाक्य आता कुठे आहेत?" खारी म्हणजे खाडी आणि मिठागरे यांच्या शेजारचे, नावातच खारेपण असलेले गाव. गोड पाण्याची वाट पाहण्यात जिचे अर्धे आयुष्य गेले त्या बाईला पाण्याच्या भांडणाची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तिचा प्रश्न पुढचा होता. त्या दिवशी प्रस्तुत लेखकाला तिचे समाधान करता आले नाही.

प्रथम मूळ प्रकरणाचा विचार करू. वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी ही चार दृश्ये पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही परंपरागत कथा बाबासाहेबांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर कधी म्हातारा किंवा प्रेत पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटणारे नाही, असा त्यांचा सरळ आक्षेप आहे. त्या जागी त्यांनी रोहिणीचा कलह आणला. धर्मानंद कोसंबी यांनीही सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताच्या आधारे गृहत्यागाचा संबंध शस्त्रधारणाच्या भयाशी लावला होता, हे मराठी वाचकांना ज्ञात आहेच. आटत चाललेल्या पाण्यातील मासोळ्यांप्रमाणे तडफडणारी माणसे हे त्या सुत्तातील चित्र ज्याने एकदा वाचले तो ते विसरू शकत नाही.

बाबासाहेबांनी मात्र या बीजाला एका सभेच्या कामकाजाचे रूप दिले. सिद्धार्थ हा शाक्य संघाचा सभासद. त्याच्या सभासदत्वाच्या आठव्या वर्षी सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो आणि उपसूचना देतो, ती अशी की दोन माणसे शाक्यांची, दोन कोलियांची निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा मिटवावा. उपसूचना प्रचंड बहुमताने फेटाळली जाते. दुसऱ्या दिवशी वीस ते पन्नास वयाच्या सर्व शाक्यांनी सैन्यात दाखल व्हावे असा ठराव येतो. सिद्धार्थ त्यालाही नकार देतो. तेव्हा संघ त्याला धमकी देतो ती फाशीची नव्हे. कारण त्यासाठी कोसलराजाची अनुज्ञा लागेल. धमकी आहे ती त्याच्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालण्याची आणि जमीन जप्त करण्याची.

हा प्रसंग या तपशिलांसह पालि वाङ्मयात सापडत नाही. ते निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे. त्याने ग्रंथाला उणेपणा येत नाही. पाच जणांचे लवाद मंडळ हे कायदेपंडिताच्या हातचे काम आहे, आणि सामाजिक बहिष्काराची धमकी ही महाडनंतर कोकणातील गावागावांत जे घडले ते डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाची लेखणी आहे. (या बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करण्यास महाराष्ट्राला २०१६ साल उजाडावे लागले!) कपिलवस्तूच्या सभागृहात बाबासाहेबांनी आपल्या काळातील ग्रामपंचांना बसविले आहे, असे म्हटले तरी चालेल. इतिहासकाराला हे खटकेल. पण धम्मग्रंथाचे काम जुन्या प्रसंगातून चालू काळाला प्रश्न विचारण्याचे असते, आणि तो प्रश्न येथे पुरेपूर विचारला गेला आहे.

या प्रकरणात आमच्या मते एक उणीव मात्र आहे. युद्ध टळते ते पडद्याआड. सिद्धार्थ राजगृहाजवळ असताना पाच परिव्राजक येऊन वार्ता सांगतात की, त्याच्या जाण्यानंतर युद्धाविरुद्ध मोठे आंदोलन झाले, संघाने फेरविचार केला आणि रोहिणीच्या पाण्याचे तंटे सोडविण्यासाठी दोन्ही बाजूंनी कायमचे लवाद मंडळ मान्य केले. म्हणजे पराभूत झालेली उपसूचना शेवटी जिंकली. एवढी मोठी घटना काही ओळींत उरकली जाते. मते फिरली कशी, प्रथम कोणाचे मन पालटले, हे कळण्याची वाचकाची उत्सुकता अतृप्त राहते. बाबासाहेबांना घाई आहे ती पुढच्या विचाराची. सिद्धार्थ परत घरी जात नाही. राष्ट्राराष्ट्रांतील कलह प्रसंगोपात्त असतो, परंतु वर्गावर्गांतील कलह नित्य आणि अखंड असतो, अशा निष्कर्षावर तो येतो आणि त्याचे मूळ शोधण्यास पुढे जातो. उपासिकेच्या प्रश्नाचे उत्तर या वळणावर दडलेले आहे. ते उलगडण्यासाठी अट्ठकथांकडे जावे लागते.

धम्मपद-अट्ठकथेत रोहिणीचा कलह बुद्धत्वप्राप्तीनंतरचा आहे आणि तो सुरू होतो शेतावर राबणाऱ्या दासांत. ज्येष्ठ महिन्यात पिके सुकू लागतात. पाणी एकाच तीराला पुरेल इतके. शब्दाला शब्द लागतो आणि पाहता पाहता पाणी बाजूला राहून कुळाचा उद्धार सुरू होतो. एक बाजू म्हणते, तुम्ही कोल्ह्या-कुत्र्यांसारखे स्वतःच्या बहिणींशी संसार करणाऱ्यांचे वंशज. दुसरी म्हणते, तुम्ही बोरीच्या झाडात राहणाऱ्या कुष्ठरोग्यांची पिलावळ. ही वाक्ये दासांकडून अमात्यांकडे आणि अमात्यांकडून राजकुळांकडे जातात, आणि दोन्ही सेना शस्त्रे परजून नदीवर येतात. तथागत विचारतात, भांडण कशाचे? राजांना सांगता येत नाही. सेनापतीला विचारावे, उपराजाला विचारावे, असे करीत प्रश्न खाली उतरतो आणि अखेर दास सांगतात की, भांडण पाण्याचे आहे. शस्त्र उचलणाऱ्यांना कारण ठाऊक नाही. त्यांना ठाऊक आहे तो फक्त अपमान. मग तथागत पाण्याचे मोल आणि माणसाच्या रक्ताचे मोल यांची तुलना करावयास लावतात आणि सेना परततात.

पाण्याचा हिशेब होऊ शकतो, म्हणून त्याचा तंटा मिटू शकतो. कुळाच्या अभिमानाचा हिशेब होत नाही. शाक्य नष्ट झाले ते या दुसऱ्या गोष्टीमुळे.

ती कथा त्याच अट्ठकथेत आहे. कोसलराज पसेनदीने शाक्यांकडे कन्या मागितली. नकार देण्याचे बळ नाही आणि आपले रक्त बाहेर जाऊ देण्याची तयारी नाही. म्हणून त्यांनी महानाम शाक्याची नागमुंडा या दासीपासून झालेली कन्या, वासभखत्तिया, क्षत्रिय कन्या म्हणून पाठविली. दूतांनी खात्रीसाठी बाप-लेकीने एकत्र जेवावे असा आग्रह धरला, तेव्हा महानामाने एक घास घेतल्यासारखे करून तातडीच्या कामाच्या निमित्ताने हात आखडला. पोटच्या मुलीबरोबर जेवणे बापाला विटाळ वाटले! तिचा पुत्र विडूडभ सोळाव्या वर्षी आजोळी आला. त्याला वंदन करावे लागू नये म्हणून वयाने लहान असलेली शाक्य मुले आधीच गावाबाहेर धाडली गेली. तो निघून गेल्यावर एक दासी, 'दासीपुत्र बसला ते हे आसन' असे पुटपुटत, त्याचे आसन दूध आणि पाण्याने धुऊ लागली. विसरलेले शस्त्र नेण्यास परतलेल्या एका सैनिकाने ते ऐकले. आसन धुणारीही दासीच होती, हे विसरता कामा नये. विडूडभाने ते आसन रक्ताने धुण्याची प्रतिज्ञा केली, आणि सिंहासन मिळताच ती पुरी केली. महानामाने शेवटच्या क्षणीही नातवाच्या पंगतीस बसणे टाळण्यासाठी सरोवरात उडी घेतली. परतीच्या वाटेवर विडूडभाची सेना अचिरवतीच्या पात्रात मुक्कामाला उतरली आणि रात्री आलेल्या पुराने तीही वाहून गेली. ज्यांनी आसन धुतले ते उरले नाहीत, आणि ज्याने सूड घेतला तोही उरला नाही.

अट्ठकथाकार सांगतो की, तथागत तीन वेळा सीमेवर विरळ छायेच्या झाडाखाली जाऊन बसले आणि विडूडभ तीनदा परतला. चौथ्या वेळी ते गेले नाहीत, कारण शाक्यांनी पूर्वजन्मी नदीत विष टाकले होते, त्याचे ते फळ होते. येथे आम्हांस अट्ठकथाकाराशी मतभेद नोंदवावा लागतो. त्यानेच डोळ्यांसमोर उभे केलेले कारण, म्हणजे दुधाने धुतलेले आसन, हे स्वयंपूर्ण आहे. एवढे सांगून झाल्यावर पूर्वजन्माचे विष शोधण्याचे प्रयोजन उरत नाही. पूर्वजन्मीच्या कर्माची ही मांडणी बाबासाहेबांनी का नाकारली, ते या कथेवरून ध्यानात यावे: ती जिवंत माणसांची जबाबदारी मृतांच्या माथी मारते.

आता महाड. १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळाने बोले यांचा ठराव संमत केला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले. पाण्याचा हिशेब कागदावर मिटलेला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो अनुयायांनी ते पाणी प्राशन करताच अन्न घेत असलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांवर लाठ्या चालल्या, आणि नंतर तळ्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. कपिलवस्तूचे दूध आणि महाडचे पंचगव्य यांत अडीच हजार वर्षांचे अंतर आहे आणि काहीच अंतर नाही.

परंतु महाडात विडूडभ जन्मला नाही. त्या रात्री शब्दाची वाट पाहत संतप्त तरुण उभे होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. डिसेंबरमध्ये दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम आला, तेव्हा तळ्यावर जाण्याचा कार्यक्रम स्थगित केला. २५ डिसेंबरला जाळली ती मनुस्मृती, कोणाचे घर नव्हे. उच्च न्यायालयाचा निकाल मार्च १९३७ मध्ये लागला. दहा वर्षे! रोहिणीकाठी जी उपसूचना सिद्धार्थ हरला, तीच महाडच्या माणसांनी दहा वर्षे धीराने लढविली. मानवजातीच्या भवितव्याविषयी आशा बाळगावयास आम्हांस जर कोठे आधार मिळत असेल, तर तो येथे मिळतो. कोणत्याही महासत्तेच्या निःशस्त्रीकरणाच्या मसुद्यात नव्हे.

तथापि या आशेत एक अन्याय लपलेला आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रत्येक वेळी संयम अपमानितानेच दाखवावा, ही जगाची अपेक्षा कोठवर चालणार? विडूडभाला दोष देणारे पुष्कळ आहेत. पण आसन धुणे ही हिंसा आहे, असे त्या दिवशी कपिलवस्तूत एकही शाक्य म्हणाला नाही. सिद्धार्थासारखा एकाकी विरोध करणारा सभासद त्या वेळी सभागृहात उरला नव्हता. राष्ट्राराष्ट्रांतही तोच प्रकार दिसतो. सिंधूच्या पाण्याचा १९६० चा करार १९६५, १९७१ आणि १९९९ च्या युद्धांतूनही टिकला, कारण त्यात हिशेब होता, आयुक्त होते, लवादाची तरतूद होती. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर भारताने तो स्थगित केला, तो पाण्याच्या वाटपावरील तंट्यामुळे नव्हे. रक्त सांडल्यावर पाणीच शस्त्र होते, हे रोहिणीकाठच्या दासांना कळले असते.

हे सर्व कपिलवस्तू, महाड आणि सिंधूपुरते असते तर लेख येथेच थांबला असता. परंतु खारीच्या त्या उपासिकेच्या नळाकडेही पाहणे भाग आहे. सूर्या नदीवरील धामणी व कवडास ही धरणे पालघर जिल्ह्यातील डहाणू, विक्रमगड, पालघर भागांतील सिंचनासाठी बांधली गेली. त्यांतून दररोज ४० कोटी ३० लाख लिटर पाणी शहरांकडे नेण्याची योजना मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने आखली. त्यातील २१ कोटी ८० लाख लिटर मिरा-भाईंदरसाठी, उरलेले वसई-विरारसाठी. तेथील शेतकऱ्यांनी व आदिवासींनी याला विरोध केला. शहराला पाणी हवे, हे खरे आहे. खारीतील बाईची तहान खोटी नाही. पण 'त्या जंगलातल्या लोकांना एवढे पाणी कशाला' असे वाक्य आमच्या वस्तीत, आमच्याच माणसांच्या तोंडून आम्ही ऐकले आहे. रोहिणीकाठी पहिल्याने उच्चारल्या गेलेल्या वाक्यांच्या जातीचेच ते आहे.

काशिमिऱ्याकडून दिसणाऱ्या डोंगरांपलीकडे कान्हेरी आहे. तेथील शिलालेखांत पाण्याच्या टाक्यांना 'पानीय-पोढी' म्हटले आहे आणि व्यापारी, सोनार अशा गृहस्थांनी त्या संघाला दिल्याची नोंद आहे. पुढच्या वर्षावासात रोहिणीचे प्रकरण वाचले जाईल, तेव्हा त्यास जोडून विडूडभाची कथाही वाचावी, आणि त्या दिवशी धामणीकडील चार माणसांना श्रोते म्हणून नव्हे तर बोलण्यासाठी बोलवावे, अशी सूचना आम्ही विहाराच्या मंडळासमोर ठेवली आहे. पाचवा कोण असावा, हे त्या चौघांनी आणि आपल्या चौघांनी मिळून ठरवावे.