कानाने पुढे, गळ्याने मागे

रियाझाच्या गोष्टी आपल्याकडे सांगितल्या जातात त्या ज्यांचं झालं त्यांच्याच. भीमसेन जोशींनी अकराव्या वर्षी गदगचं घर सोडलं, गुरूच्या शोधात उत्तरेकडे भटकले, पुढे कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी पाणी भरलं. मोगूबाई कुर्डीकर सांगलीत घरी गात बसल्या होत्या, रस्त्याने जाणाऱ्या अल्लादियाखाँसाहेबांच्या कानावर तो आवाज पडला आणि तालीम सुरू झाली. या गोष्टी ऐकताना अंगावर काटा येतो, यायलाही हवा. पण गुरूघरी पाणी भरणारे इतरही होते. त्यांनीही पहाटे उठून खर्ज लावला, त्यांनीही गुरूचे पाय चेपले. त्यांच्या घागरी कुणी मोजल्या नाहीत, कारण त्या घागरींच्या शेवटी भीमसेन जोशी नव्हते.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा चित्रपट या दुसऱ्या माणसांपैकी एकाचा आहे. २०२० साली तो व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता. २००१ सालच्या ‘मान्सून वेडिंग’नंतर तिथवर पोचलेला हा पहिला भारतीय चित्रपट, आणि तो मराठी. पटकथेचं पारितोषिक त्याला मिळालं, समीक्षकांचं फिप्रेस्कीही. गोष्ट म्हणावी तर एवढीच: शरद नेरुळकर हा चोविशीतला तरुण मुंबईत पंडित विनायक प्रधानांकडे गाणं शिकतो. घराणं अलवरचं, म्हणजे लेखकाने कल्पिलेलं. गुरुजींच्या गुरू सिंधुबाई जाधव ऊर्फ माई. त्यांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही, त्यामुळे त्यांची ख्याती दंतकथेसारखी पसरलेली. वर्षं जातात, शरदचं वजन वाढतं, मिशी येते. तो मोठा गायक होत नाही.

‘त्याच्याकडे प्रतिभाच नव्हती’ असा निकाल चित्रपट पाहून बरेच जण देतात. मला तो निकाल घाईचा वाटतो. हा चित्रपट प्रतिभा आणि मेहनत यांची कुस्ती लावतच नाही. मेहनतीने माणसात नक्की काय वाढतं, आणि जे वाढतं ते त्याच्या कामी येतं का, हे तो दोन तास शांतपणे तपासत राहतो.

पहिलंच दृश्य पाहा. गुरुजी गात आहेत, मैफल बेताची, श्रोते मोजके. शरद मागे तानपुऱ्यावर. कॅमेरा संथपणे पुढे सरकतो आणि आपली नजर गायकावरून निसटून मागच्या मुलाच्या चेहऱ्यावर स्थिरावते. त्याची मान हलते ती नेमक्या जागी. सुराला स्पर्श होण्याच्या किंचित आधी त्याच्या डोळ्यांत तो सूर आलेला असतो. साथीला बसलेला शिष्य दाद देतो तशी औपचारिक दाद ही नव्हे. त्याला कळतंय. या चेहऱ्यावरच्या आनंदाची जात ओळखून ठेवावी, कारण पुढे शरद स्वतः गायला बसतो तेव्हा हा आनंद त्याच्या चेहऱ्यावर सहसा दिसत नाही.

तो दिसतो पुन्हा रात्री, मोटारसायकलवर. मुंबईचे रिकामे उड्डाणपूल, गती मुद्दाम मंद केलेली, खाली तानपुऱ्याचा नाद आणि शरदच्या कानातल्या हेडफोनमधून माईंची जुनी व्याख्यानं. तो आवाज सुमित्रा भावे यांचा. १९ एप्रिल २०२१ रोजी त्या गेल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस हा चित्रपट नेटफ्लिक्सवरून घरोघरी आला, त्यामुळे अनेकांनी तो आवाज त्या गेल्यानंतरच ऐकला. आवाजात नाटक अजिबात नाही. दुपारच्या निवांत वेळी एखाद्या जाणत्या बाईने समजावून सांगावं तसा तो आहे, आणि बोलणं मात्र कठोर: श्रोत्यांसाठी गाऊ नका, पैसा आणि संसार हवा असेल तर ही वाट तुमची नाही, एकटं राहायची आणि उपाशी राहायची तयारी ठेवा. ताम्हाणेंनी या प्रसंगांना इतकं मोहक केलं आहे की पाहणाऱ्यालाही वाटावं, हेच खरं. मला त्यात दिग्दर्शकाची धूर्तता दिसते. गाण्याच्या शिकवणीतलं सर्वांत सुंदर सुख शरदला मिळतं ते ऐकण्यात. आणि तेही गाणं ऐकण्यात नाही, गाण्याविषयीचं बोलणं ऐकण्यात.

त्याची नोकरीही कानाचीच आहे. जुन्या, दुर्मीळ ध्वनिमुद्रणांचं संगणकीय रूपांतर करायचं, त्यांच्या सीडी काढायच्या, मैफलीच्या बाहेर टेबल मांडून त्या विकायच्या. घेणारे थोडे. म्हणजे दिवसभर दिवंगत उस्तादांची गाणी कानात, रात्री माई कानात, मधल्या वेळात गुरुजींची तालीम. असा कान तयार झाला नाही तरच नवल. आणि कानाची ही तयारी गळ्याला महाग पडते. स्वतःची तान घेताना शरद ती गातही असतो आणि परीक्षकाच्या खुर्चीत बसून ऐकतही असतो.

स्पर्धेचा प्रसंग याच अंगाने ऐकण्याजोगा आहे. शरद वाईट गात नाही. बेसूर नाही, बेताल तर नाहीच. तान स्वच्छ आहे, बंदिश पाठ आहे, सम हातची जात नाही. पण तो समेवर येतो तो हजेरीपटावर सही केल्यासारखा. तान निघते तेव्हा तिला कुठे पोचायचं आहे याची ओढ नसते, आपण निघालो आहोत हे दाखवायचं असतं. मग विजेत्यांची नावं वाचली जातात. त्यात त्याचं नाव नसतं. या क्षणी दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने चेहऱ्याच्या जवळ जाऊन ओठ थरथरताना दाखवले असते. इथे कॅमेरा अंतर राखून उभा राहतो, त्या माणसाची लाज राखायची असावी तसा.

गळा आणि कान यांतल्या अंतराबद्दल आपल्या संगीताच्या इतिहासात दोन दाखले आहेत, ते इथे आठवतात. कुमार गंधर्व लहानपणी थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जशाच्या तशा गात. अकरा-बारा वर्षांच्या वयात त्यांनी मुंबईत जाणकारांची सभा थक्क केली. कानावर पडलेलं गळ्यातून निघायला मध्ये वेळच लागत नसे. लोक याला दैवी देणगी म्हणतात, आणि म्हणावंच. पण त्यानंतर त्यांना प्रा. बी. आर. देवधरांच्या शाळेत बसून वर्षानुवर्षं शिकावं लागलं. दुसऱ्यांचं जसंच्या तसं गाता येणाऱ्या या मुलाला स्वतःचं काही आहे का, हा प्रश्न देणगीने सुटत नव्हता. दुसरा दाखला अल्लादियाखाँसाहेबांचा. अति गाण्याने त्यांचा आवाज गेला आणि परत आला तो पूर्वीचा उरला नव्हता असं सांगतात. त्या बदललेल्या आवाजाला झेपेल, शोभेल अशी वक्र, बलपेचांची गायकी त्यांनी घडवली, तीच जयपूर-अत्रौलीची ओळख झाली. एकाचा गळा कानाला जोडलेलाच होता. दुसऱ्याचा तुटला तेव्हा त्याने कानाच्या जोरावर नवा रस्ता काढला. दोघांकडेही आपल्या गळ्याविषयी एक प्रामाणिक व्यवहार होता: हा माझा आवाज, याच्याकडून हे होईल. शरदला हा व्यवहार माईंच्या व्याख्यानांत मिळत नाही, कारण तिथे गळ्याविषयी जवळपास काही नसतंच. तिथे सगळं मनाच्या शुद्धतेविषयी आहे. चुकलेल्या तानेचं कारण मग तो आपल्या चारित्र्यात शोधू लागतो.

चित्रपटातलं सर्वांत टोकदार दृश्य राजन जोशी नावाच्या संग्राहकाचं. दुर्मीळ ध्वनिमुद्रणांचा हा जाणकार शरदसमोर बसून माईंच्या दंतकथेचे टाके एकेक करून उसवतो, मग गुरुजींकडे वळतो आणि तेही काही फार थोर गायक नव्हेत असं सहज बोलून जातो. आवाज चढवत नाही. त्याच्या बोलण्यात मत्सर किती आणि माहिती किती, हे आपल्याला शेवटपर्यंत कळू दिलेलं नाही, आणि ते उत्तमच. शरद प्रतिवाद करत नाही, हातातला ग्लास त्याच्या तोंडावर रिकामा करतो. वरवर पाहता ही गुरुनिष्ठा. मला वाटतं, त्याला लागलं ते वेगळंच. गळा मागे पडतोय हे त्याने केव्हाच ओळखलेलं आहे. कान तरी खरा आहे एवढीच त्याची पुंजी. गुरुजी सामान्य असतील, तर ज्या कानाने त्यांना असामान्य ठरवलं तो कानही फसला. हे त्याला सोसणारं नव्हतं.

सगळंच इतकं जमलेलं नाही. दूरचित्रवाणीवरच्या गायनस्पर्धेतली ती मुलगी, साधी येते आणि झगमगत्या कपड्यांत ओळखू येईनाशी होते, हा धागा मला सोपा वाटला. बाजार कलावंताला गिळतो हे प्रेक्षकाला आधीपासून पटलेलंच असतं, ते पुन्हा पटवून काय मिळतं? शिवाय ती मुलगी चांगली गाते हे चित्रपट नाकारू शकत नाही, त्यामुळे तिच्यावरचा राग कुणाचा, शरदचा की दिग्दर्शकाचा, असा घोळ होतो. आजीबरोबरचे लग्न-नोकरीचे संवादही नेहमीच्या मापाचे. याउलट उत्तरार्धातला शाळामास्तर शरद पाहावा. एका विद्यार्थ्याची आई, मुलाने बँडमध्ये गायलं तर चालेल का, असं भीतभीत विचारते, आणि हा तिला ज्या थंडपणे झिडकारतो त्यात माईंचीच वाक्यं कुजून बाहेर पडताना ऐकू येतात.

मग ती मैफल, जिच्यात तो गाता गाता थांबतो आणि उठून जातो. याला पराभव म्हणण्याची घाई करू नये. आयुष्यभर ऐकणारा शरद आणि गाणारा शरद एकमेकांना सांभाळून घेत आले, आज ऐकणाऱ्याने निकाल दिला. मला तर चित्रपटभरात शरदची ही एकच कृती निखळ सांगीतिक वाटते: चुकीचं चाललंय, आणि आता ते तो स्वतःला ऐकवणार नाही.

शेवटी तो बायको-मुलीबरोबर रेल्वेत बसलेला असतो आणि डब्यात एक भिक्षेकरी वाद्य छेडत गात जातो. या दृश्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी असा लावला गेला की बघा, खरं गाणं असं सहज येतं, शरद उगाच झिजला. हे मला मुळीच मान्य नाही. तो भिक्षेकरी तेच गाणं डब्याडब्यातून, गर्दीत, गाडीच्या खडखडाटावर आवाज चढवत रोज किती वेळा म्हणत असेल? याला रियाझ म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? फरक एवढाच की तो स्वतःला ऐकत बसत नाही, त्याला ते परवडणारं नसतं. आणि हे गाणं ऐकताना शरदच्या चेहऱ्यावर काय आहे ते नीट पाहावं. तिथे हेवा मला तरी दिसत नाही.

आता या सगळ्यामागची एक गंमत. ताम्हाणे संगीताच्या घरातले नाहीत. ‘कोर्ट’नंतर ते अल्फोन्सो क्वारोन यांच्या हाताखाली ‘रोमा’च्या चित्रीकरणात शिकायला राहिले आणि पुढे क्वारोन या चित्रपटाचे कार्यकारी निर्माते झाले, म्हणजे गुरू-शिष्याचा चित्रपट काढणारा स्वतः तेव्हा शिष्यच होता. भूमिकांसाठी त्यांनी गाणारी माणसं निवडली. गुरुजी झालेले अरुण द्रविड हे मोगूबाईंचे आणि किशोरीताई आमोणकरांचे शिष्य, आणि व्यवसायाने इंजिनीअर. पडद्यावर औषधपाण्याला महाग झालेल्या पंडिताची भूमिका करणाऱ्या या गृहस्थांनी प्रत्यक्षात पोटासाठी गाण्यावर भार टाकलाच नाही, आणि गाणं मात्र आयुष्यभर सांभाळलं. शरद झालेले आदित्य मोडक चार्टर्ड अकाउंटंट. माईंच्या शिकवणीत अशा दुहेरी संसाराला जागा नाही; आपल्या शहरांतलं बरंचसं गाणं मात्र अशाच माणसांनी जिवंत ठेवलेलं आहे. चित्रपट याविषयी अवाक्षर काढत नाही, त्याच्या पात्रयोजनेतून मात्र ते आपसूक बोललं जातं.

मोडकांचं काम म्हणूनच जास्त अवघड. तयारीचा गायक त्यांना असा उभा करायचा होता, जो तयार आहे पण पोचत नाही. बेसूर गाणं सोपं आहे, चित्रपटांत ते विनोदासाठी हवं तेवढं होतं. सुरात राहून, तालात राहून, तान पल्लेदार ठेवून तिच्यातला जीव तेवढा काढून घ्यायचा, आणि तोही वयाच्या टप्प्यागणिक वेगळ्या प्रमाणात, ही कसरत वेगळी. तरुण शरदच्या तानेत घाई आहे, पुढच्या शरदच्या तानेत थकवा आहे, आणि दोन्ही ठिकाणी बंदिशीचे शब्द स्पष्ट आहेत. दुसऱ्यांदा पाहणाऱ्याने स्पर्धेचा प्रसंग आणि ती अर्धवट सोडलेली मैफल लागोपाठ, पडद्याकडे न बघता ऐकावी. कुठल्या जागी गळा किती आवरायचा हे ठरवायला मोडकांना जो कान वापरावा लागला असेल, तो शरदपाशीही होता.