‘स्मृतिचित्रे’ : केवळ सोशिकतेचा ग्रंथ?

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. आपल्या प्रवचनांतून हा ग्रंथ बहुधा सोशिक पत्नीचा आदर्श म्हणून येतो. समाजसेविकेच्या दृष्टीने वाचता हा अर्थ अपुरा ठरतो. वडिलांच्या सोवळ्याने गांजलेले माहेर, टिळकांचा तापट स्वभाव, त्यांचे वारंवार घर सोडून जाणे, यांतले काहीच लक्ष्मीबाई झाकत नाहीत. पण त्या नुसत्या सोसतही नाहीत. अक्षर शिकतात, उलट बोलतात, दुःखावर हसतात. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर त्या मुलासह आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. स्वतःचा बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये, मनाची खात्री पटल्यावरच घेतला.

ग्रंथाची मर्यादाही ध्यानी घ्यावी. उत्तरायुष्यातील प्रेमामुळे मागचे घाव येथे सौम्य दिसतात. शिवाय आश्रय देणारे आप्त प्रत्येकीस लाभत नाहीत. सिल्वासाच्या पाड्यांवर व कामगारांच्या चाळींत घरभेटीस जाणाऱ्या पाळकांनी आणि धर्मशिक्षकांनी मार खाणाऱ्या स्त्रीस लक्ष्मीबाईंचा दाखला देऊन ‘सोस’ म्हणू नये. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने तिला संरक्षण मागण्याचा हक्क दिला आहे. तो तिला समजावणे व सुरक्षित आसरा मिळवून देणे हे मंडळीचे कर्तव्य होय. क्षमेचा विचार तिने त्यानंतर, आपल्या मनाने करावा.