शब्दांपलीकडचे मागणे : एका प्रेमगीताविषयीच्या मतभेदांचा विचार

एखाद्या गीताविषयी श्रोत्यांमध्ये मतभेद उत्पन्न झाला की, तो केवळ अभिरुचीचा प्रश्न आहे असे म्हणून बाजूला सारण्याची सोय समीक्षेला नेहमीच उपलब्ध असते. परंतु काही मतभेद या सोयीला दाद देत नाहीत. दोन्ही पक्षांनी एकच गीत ऐकलेले असते. त्याची चाल मधुर आहे याविषयी त्यांचे एकमतही असते. आणि तरीही त्या गीतात नेमके काय बोलले गेले आहे, याविषयी ते परस्परविरुद्ध टोकांना उभे असतात. असा वाद आवडीचा नसून अर्थाचा असतो, आणि अर्थाचा वाद म्हटला की तो साहित्यसमीक्षेच्या कक्षेत येतो. अमेरिकेतील बोस्टन येथील 'एक्स्ट्रीम' या रॉक बँडचे 'मोअर दॅन वर्ड्‌स' हे प्रेमगीत या प्रकारच्या वादाचे एक बोलके उदाहरण आहे.

हे गीत १९९० साली निघालेल्या 'पोर्नोग्राफिटी' या अल्बममधले. गायक गॅरी शरोन आणि गिटारवादक नूनो बेटनकोर्ट यांनी मिळून ते रचले. त्यात ढोल नाही, बास नाही, विजेवर चालणाऱ्या गिटारचा कल्लोळ नाही. एक अकूस्टिक गिटार आणि दोन पुरुषी आवाज एवढाच त्याचा संसार. १९९१ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादीत ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये त्याने दुसरा क्रमांक गाठला. ज्यांनी या बँडचे दुसरे एकही गीत ऐकलेले नाही, अशा असंख्य लोकांना हे एक गीत परिचित आहे. त्याच्याविषयीच्या पहिल्या मतभेदाचे मूळ या लोकप्रियतेतच आहे.

रॉक संगीताच्या निष्ठावंत श्रोत्यांचा आक्षेप असा की, हे गीत त्या बँडचे खरे रूप नव्हे. मूळ अल्बम आहे तो तडफदार लयीचा, फंक आणि हेवी मेटल यांच्या मिश्रणाचा, काही ठिकाणी पितळी वाद्यांची जोड घेणारा. आणि त्यातून उचलून लोकांपुढे ठेवले गेले ते हे हळुवार गाणे. साहजिकच गाण्यावर भाळून अल्बम विकत घेणारा श्रोता गोंधळला, आणि बँडच्या जुन्या चाहत्याला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले. या आक्षेपाला त्या काळातील व्यवहाराचीही पार्श्वभूमी आहे. १९८० नंतरच्या दशकात प्रत्येक कर्कश बँडने निदान एक मृदू प्रेमगीत गावे असा जणू संकेतच रूढ झाला होता. 'पॉयझन' या बँडचे 'एव्हरी रोज हॅज इट्‌स थॉर्न' १९८८ मध्ये, तर 'मिस्टर बिग'चे 'टू बी विथ यू' १९९२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. तेव्हा बाजाराच्या मागणीस पुरवलेला माल असा या गीतप्रकाराविषयी संशय यावा, हे अगदीच निराधार नाही.

तथापि हा आक्षेप कलाकृतीच्या उगमाविषयी बोलतो, कलाकृतीविषयी नव्हे. उग्र संगीत करणाऱ्यांनी मृदू गीत रचले म्हणजे ते अप्रामाणिकच असले पाहिजे, असे मानणे म्हणजे वीररसाच्या कवीला शृंगाराचा अधिकार नाकारण्यासारखे आहे. १९६५ साली 'बीटल्स'च्या 'यस्टरडे' या गीतात पॉल मॅकार्टनी यांचा आवाज, त्यांची गिटार आणि चार तंतुवाद्ये एवढेच होते. बँडच्या इतर तिघांचा त्यात सहभाग नव्हता, आणि त्या वर्षी ब्रिटनमध्ये ते एकेरी तबकडी म्हणून काढलेही गेले नाही. बँडच्या प्रतिमेत ते बसत नव्हते. पुढे त्याच गीताने त्या प्रतिमेचा विस्तार केला. तात्पर्य, 'हे त्यांचे खरे रूप नव्हे' या विधानातून श्रोत्याच्या अपेक्षेविषयी काही कळते, गीताच्या मूल्याविषयी फारसे कळत नाही.

दुसरा मतभेद अधिक खोल आहे आणि तो शब्दांविषयी आहे. गीताचा वाच्यार्थ थोडक्यात असा : 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' हे तुझ्या तोंडचे शब्द मला ऐकायचे आहेत, असे नाही, ते तू उच्चारू नयेस असेही नाही, परंतु शब्दांहून अधिक असे काही तू दाखवलेस, तर शब्दांची गरजच उरणार नाही. माझे हृदय दुभंगले तर तू काय करशील, आणि ते शब्दच काढून घेतले तर तू काय बोलशील, असे प्रश्न मध्ये येतात. शेवटी डोळे मिटून हात पुढे करण्याची, स्पर्श करण्याची, जवळ घेण्याची विनवणी येते. एका पक्षाच्या श्रोत्यांना यात प्रेमाच्या कृतिशीलतेचा उद्गार ऐकू येतो : प्रेम बोलण्याची नव्हे, करण्याची गोष्ट आहे. दुसऱ्या पक्षाला त्याच ओळींत एक चतुर दडपण ऐकू येते : तुझे प्रेम खरे असेल तर ते देहाने सिद्ध कर. पहिल्यांना जे समर्पण वाटते, ते दुसऱ्यांना वसुली वाटते.

कवींचा अभिप्राय येथे उपलब्ध आहे. प्रेमाची ग्वाही देणारे ते तीन शब्द इतके सवंग झाले आहेत की त्यांतला अर्थ निघून गेला आहे, आणि त्याविषयीची ही सूचना आहे, असे बेटनकोर्ट यांनी सांगितलेले आहे. अल्बमचा संदर्भही या अभिप्रायाला पुष्टी देतो. कारण भोगलोलुप आणि पैशामागे धावणाऱ्या समाजाचा उपहास हे त्या अल्बमचे व्यापक सूत्र आहे, आणि अशा बाजारात प्रेमाची खरी खूण कोणती हा प्रश्न तेथे अर्थपूर्ण ठरतो. परंतु गीत अल्बमपासून तुटून एकटे फिरू लागले. संस्कृत परिभाषेत सांगायचे तर प्रबंधातील एक श्लोक मुक्तक झाला. मुक्तकाला पूर्वापर संदर्भाचा आधार नसतो. वक्ता कोण, श्रोता कोण, प्रसंग कोणता हे वाचकालाच कल्पावे लागते. कवीने मनात योजिलेला प्रसंग जर रचनेत उतरला नसेल, तर केवळ त्याच्या साक्षीने वाचकाची कल्पना चुकीची ठरत नाही.

या ठिकाणी ध्वनिविचाराचे साहाय्य घेणे उपयुक्त ठरेल. वाच्यार्थ एक आणि व्यंग्यार्थ त्याच्या अगदी उलट असू शकतो, हे दाखवण्यासाठी आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वन्यालोका'त ज्या प्राकृत गाथा घेतल्या, त्यांतील एका गाथेत घरातील स्त्री वाटसरूला सासू कोठे निजते आणि आपण कोठे निजतो हे दाखवते, आणि रात्री आंधळेपणाने आपल्या शय्येवर येऊन पडू नकोस असे बजावते. वाच्य निषेधाचे आहे. व्यंग्य निमंत्रणाचे आहे. ही गाथा महाराष्ट्री प्राकृतातील 'गाथासप्तशती'त सापडते, आणि ज्या समाजाने तिचे रसिकतेने जतन केले त्याला शब्दांपलीकडच्या शृंगाराचे वावडे होते असे कोणी म्हणणार नाही. प्रस्तुत गीताची रचनाही याच जातीची आहे. 'तू बोलावेस असे नाही, बोलू नयेस असेही नाही' अशा निषेधांच्या आवरणाखाली एक विधी, एक मागणी, हळूच पुढे सरकते.

साम्य येथेच संपते, आणि जो भेद उरतो तो महत्त्वाचा आहे. गाथेतील स्त्री आपली इच्छा सुचवते आणि तेथेच थांबते. वाटसरूने सूचना ओळखावी किंवा न ओळखावी. न ओळखल्याने तो खोटा ठरत नाही. सूचकतेमुळे ऐकणाऱ्याचे स्वातंत्र्य अबाधित राहते, आणि व्यंजनेतील सौजन्य म्हणतात ते हेच. उलट या गीतात सूचनेला कसोटीची जोड दिलेली आहे. अपेक्षित कृती घडली तर प्रेम खरे. न घडली तर उच्चारलेले शब्दही पोकळ. म्हणजे ऐकणाऱ्या व्यक्तीने मौन पाळले तरी ती अपुरी, आणि बोलली तरी अपुरीच. कारण शब्दांची किंमत आधीच काढून घेतलेली आहे. दडपणाची तक्रार करणाऱ्या श्रोत्यांना नेमके हे जाणवलेले असते, आणि ते जाणवणे रचनेबाहेरून आणलेले नाही.

मग त्याच रचनेत इतरांना कोमलतेचा प्रत्यय का यावा? त्याचे उत्तर अक्षरांत नाही, काकूत आहे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त व्यंग्यार्थाला कारण होणाऱ्या गोष्टी सांगताना वक्ता आणि बोद्धव्य यांच्या बरोबरीनेच काकूचा, म्हणजे स्वराच्या वळणाचा, निर्देश केला आहे. येथे मागणी करणारा स्वर कोठेही चढत नाही. एक आवाज मुख्य चाल गातो आणि दुसरा सुसंवादी स्वरांत त्याच्या अगदी निकटून चालतो. दोघांचे उच्चार आणि विराम बहुतेक एकाच क्षणी पडतात. ऐकणाऱ्याला त्यामुळे नकळत असा भास होतो की, येथे दोन जिवांचे एकमत झालेले आहे. वस्तुतः दुसरा आवाज प्रेयसीचा नाही. तो वक्त्याचाच दुसरा कंठ आहे. जिला उद्देशून सारे बोलणे चालले आहे, ती या गीतात एक अक्षरही बोलत नाही. तिच्या मौनाची जागा सुसंवादाने भरून निघते, आणि मागणी मान्य झाल्याचे समाधान तिच्या उत्तराशिवायच श्रोत्याला मिळते. चालीकडे कान असलेला श्रोता तृप्त होतो. शब्दांकडे कान असलेला अस्वस्थ होतो. दोघेही खरेच बोलत असतात, परंतु प्रत्येकाने गीताचा एकच पदर हाती धरलेला असतो.

तुलनेसाठी 'क्वीन' या बँडच्या 'लव्ह ऑफ माय लाइफ' या गीताचा विचार करता येईल. १९७५ च्या मूळ ध्वनिमुद्रणात पियानोला प्राधान्य होते. रंगमंचावर मात्र फ्रेडी मर्क्युरी ते ब्रायन मे यांच्या अकूस्टिक गिटारच्या साथीने गात, आणि सभागृहातील हजारो श्रोते त्यांच्याबरोबर गात. तेथेही एकजण विनवतो आणि प्रिय व्यक्ती निरुत्तर आहे. परंतु ती दूर गेली आहे हे गीताने आरंभीच मान्य केलेले आहे. तिच्या मौनाला तेथे वियोगाचा अर्थ आहे, आणि म्हणून कितीही कंठ मिसळले तरी ते मौन झाकले जात नाही. 'मोअर दॅन वर्ड्‌स'मध्ये ती समोर आहे, आणि तरीही तिला बोलायला अवकाश नाही.

या गीतात शब्दांपलीकडचे जे काही खरोखर साध्य झाले आहे, ते गिटारमध्ये. ढोलाची साथ नसल्यामुळे बेटनकोर्ट उजव्या हाताने तारा छेडता छेडताच दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर त्यांच्यावर थाप देतात. एकच वाद्य स्वरही देते आणि तालही धरते. जे नाही त्याची उणीव हाताशी असलेल्या साधनातून भरून काढण्याची ही कृती प्रेमाविषयी पुष्कळ काही सांगून जाते. ती काही मागत नाही. स्वतः करून दाखवते. गीताचे तत्त्व असे की शब्दांपेक्षा कृती श्रेष्ठ. ते तत्त्व वादनाने पाळले. शब्दांनी मात्र ते दुसऱ्याने पाळावे अशी अपेक्षा धरली. वक्ता स्वतः काय करणार, याविषयी गीतात एकही ओळ नाही.

१९९१ नंतरच्या तीन दशकांत संमतीविषयीची जाणीव सर्वत्र अधिक तीक्ष्ण झाली, आणि दडपणाचा अर्थ ऐकणाऱ्या श्रोत्यांचा स्वरही त्यामुळे अधिक स्पष्ट झाला. यावरून नव्या पिढीने जुन्या गीतावर परका अर्थ लादला असा निष्कर्ष काही जण काढतात. परंतु रचनेत मुळातच जो अर्थ नाही तो कोणत्याही काळाची जाणीव तिच्यात टिकवून ठेवू शकत नाही. काळ बदलला म्हणजे पूर्वी कानाआड गेलेली काकू ऐकू येऊ लागते, एवढेच. उलटपक्षी, ज्यांनी हे गीत विश्वासाच्या नात्यात ऐकले, जेथे दुसऱ्या व्यक्तीचा होकार अन्य मार्गांनी आधीच मिळालेला होता, त्यांचा कोमलतेचा अनुभवही खोटा ठरत नाही. त्यांनी गीताला नसलेला बोद्धव्य आपल्या जीवनातून पुरवला. भावगीत श्रोत्याच्या जीवनाशी जोडले जाते ते याच वाटेने.

तरीही दोन्ही अर्थ शक्य आहेत असे म्हणून थांबणे म्हणजे निर्णय टाळणे होय. श्रोत्याने स्वतःकडून पुरवलेल्या गोष्टीचे श्रेय रचनेला देता येत नाही. चाल, दोन कंठांचा मेळ आणि वादनातील संयम या दृष्टींनी हे गीत आपल्या वर्गातील बहुतेक गीतांहून सरस आहे, आणि केवळ बाजारी म्हणून त्याची उपेक्षा करणारे श्रोते स्वतःचे नुकसान करून घेतात. परंतु ज्या व्यक्तीकडून ते शब्दांहून अधिक मागते, तिच्या एका शब्दासाठीही त्यात जागा ठेवलेली नाही. आणि ही उणीव चालीच्या माधुर्याने झाकली गेली तरी भरून निघत नाही.