'फ्यूसिस', प्रकृती आणि वासेट्ठसुत्त

ग्रीक तत्त्वज्ञानातील 'फ्यूसिस' या संज्ञेसाठी मराठी लेखनात 'प्रकृती' हा शब्द सर्रास योजला जातो. मुखेडच्या बाजारात कोणी 'प्रकृती कशी आहे?' असे विचारले, तर तो आरोग्याचा प्रश्न असतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मात्र हाच शब्द सांख्यांची त्रिगुणात्मक, अचेतन प्रकृती सोबत घेऊन येतो. ग्रीक शब्दाचा धातू उगवणे, वाढणे या अर्थाचा आहे. ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४-३२२) 'फिजिक्स'च्या दुसऱ्या भागात, वस्तूच्या ठायीच असलेले गतीचे व स्थितीचे कारण, असा तिचा अर्थ निश्चित केला. त्यात पुरुष नाही, त्रिगुण तर नाहीतच.

हा वाद केवळ शब्दाचा नव्हे. ग्रीकांपुढील खरा प्रश्न, माणसात उपजत काय आणि रूढीने, म्हणजे 'नोमोस'ने, आलेले काय, हा होता. इ. स. पू. पाचव्या शतकातील अँटिफॉन म्हणतो की ग्रीक आणि ग्रीकेतर उपजत सारखेच. कारण सर्वजण तोंडानाकानेच श्वास घेतात. उलट, 'पॉलिटिक्स'च्या पहिल्या भागात ॲरिस्टॉटल काही माणसांना उपजतच दास ठरवतो. गुणांच्या आधारे चातुर्वर्ण्याचे समर्थन जिथे झाले, तिथे 'प्रकृती' हा शब्द दुसऱ्या मताला नकळत बळ देतो आणि पहिले मत झाकून टाकतो.

सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात हाच प्रश्न आहे. गवत, कीटक, पक्षी यांच्यात जातिमय लक्षणे आढळतात. मनुष्याच्या केस, कान, मुख, नाक यांत ती आढळत नाहीत. माणसामाणसांतील भेद 'समञ्ञे'ने, म्हणजे लोकव्यवहारातील नावाने, सांगितला जातो. अस्सलायनसुत्तात तर यवन-कंबोजांचा दाखला आहे: तेथे स्वामी आणि दास असे दोनच वर्ण, आणि स्वामीचा दास, दासाचा स्वामी होऊ शकतो.

या साम्यावरून परस्परप्रभाव सिद्ध होत नाही. शिवाय अँटिफॉनचा उपलब्ध युक्तिवाद देहापाशी थांबतो. तथागत पुढे जाऊन माणसाची ओळख कर्मावर ठेवतात. म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते 'फ्यूसिस'साठी 'उपजत स्वरूप' आणि 'नोमोस'साठी 'समञ्ञा' हे शब्द स्वीकारावेत. 'उपजणे' हे क्रियापद आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी आहेच, आणि ते ग्रीक धातूच्या अर्थाशीही अधिक प्रामाणिक आहे.