वाटाड्याचा ग्रंथ

आंखून दिलेल्या सहलीनें परदेश पाहणें आतां मध्यम वर्गासही साधूं लागलें आहे, व त्याबद्दल नाक मुरडणारांपैकीं आम्ही नाहीं. परंतु अशी सहल म्हणजे एका परीनें ग्रंथच. काय दाखवावें व काय गाळावें हें कोणीतरी आधींच ठरविलेलें असतें. मग ग्रंथाचें करतों तसें तिचेंही परीक्षण कां करूं नये?

पोर्तुगालची नेहमीची सहल घ्या. लिस्बनच्या जेरोनिमुश मठांत वास्को द गामाचें थडगें आहे. तेथील कोरीव कमानी खरोखरच अप्रतिम आहेत. वाटाड्या 'शोधांच्या युगा'चे गोडवे गातो. पण १५०२ सालीं याच दर्यावर्दीनें मक्केहून परतणारें यात्रेकरूंचें जहाज माणसांसकट जाळलें, आणि मसाल्याच्या व्यापारावरील करांतून हा मठ उभा राहिला, हें पान बहुधा गाळलेलें असतें. पुढें लागोश या किनाऱ्यावरील गांवीं निळें पाणी व कडे पाहण्यास निवांत वेळ मिळतो. मात्र १४४४ सालीं आफ्रिकेंतून पकडून आणलेल्या माणसांची तेथेंच वांटणी झाली, हें सांगण्यास सवड नसते.

ज्यांच्या पूर्वजांनीं १७३९ सालीं पोर्तुगीजांकडून वसई घेतली, ज्यांच्या शेजारचा गोवा १९६१ पर्यंत त्यांच्याच अमलाखालीं होता, त्या मराठी प्रवाशांनीं तरी हा ग्रंथ डोळे मिटून वाचूं नये. सौंदर्य अवश्य पाहावें. पण त्याचें मोल कोणीं दिलें, एवढें वाटाड्यास जरूर विचारावें.